पेरेस्लाव्हलच्या आकाशात

"टोपलीत पायलट सोडून दोघीच मावतात," केतकीनं त्या रशियन माणसाचं बोलणं आम्हाला सांगितलं. "म्हणजे आई आणि मी. आत्या, तुझ्यासाठी तिकडं झाडाखाली खुर्ची मागितलीय. तिथनं सगळं मस्त दिसतं."

आक्कांनी त्या खुर्चीकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"खुर्च्या कऱ्हाडात पण आहेत," त्या म्हणाल्या. "मी जाणार."

समोर हिरव्यागार माळावर पंचवीस-तीस फुगे उठत होते. लाल, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, एक तर चक्क कलिंगडासारखा. आधी नुसतं गवतावर पसरलेलं कापड, लग्नाचा मांडव उतरवून ठेवल्यासारखं. मग मोठ्या पंख्यानं त्यात हवा भरायची, मग बर्नरमधून ज्योत सोडायची, की ते कापड अंग झाडून उठायचं आणि बघता बघता चार मजली इमारतीएवढं व्हायचं. पोरं ओरडत पळत होती, लाउडस्पीकरवर गाणी चालू होती, सगळीकडं मक्याच्या कणसांचा वास सुटला होता. संध्याकाळ झाली होती, पण तिथल्या जुलैत ऊन कलायचं नावच घेत नाही.

"आत्या, तुझं बीपी," केतकी म्हणाली.

"गोळी घेतलीय."

"साडी नेसून त्या टोपलीत चढणार कशी तू?"

आक्का फुगेवाल्यांच्या जीपच्या मागं गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी काष्टा मारला होता, पदर कमरेला खोचला होता आणि पायातल्या बुटांच्या नाड्या पुन्हा करकचून बांधल्या होत्या. पायलटनं ते रूप पाहून टाळ्या वाजवल्या. गेन्नादी त्याचं नाव. दाढीवाला, थोराड, उन्हानं लाल झालेला माणूस.

केतकी हसली आणि मागं सरली. "जा आई, तुम्ही दोघी जा. मी जीपमधनं तुमच्यामागं येते."

मी हसले नाही. माझा सगळा बेतच फसला होता.

शालिनीआक्का माझी नणंद. कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी नोकरी केली. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जयसिंगांना, त्यांनीच शिकवून मोठं केलं. जयसिंग हार्ट अॅटॅकनं गेले, केतकी शिकायला इकडं रशियात, यारोस्लाव्हलला निघून आली, आणि त्या घरात आम्ही दोघी उरलो. आमचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी जवळीक लागते. मी कॉलेजच्या लायब्ररीतून आले की दोघी समोरासमोर बसून जेवायचो. आमटी चांगली झाली तर त्या "बरी झालीय" म्हणायच्या, बिघडली तर काहीच म्हणायच्या नाहीत.

मी केतकीला भेटायला जायचं ठरवलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "मी पण येते." नाही कसं म्हणणार? पण मला केतकीशी एक गोष्ट एकटीनं बोलायची होती. घरापासून इतक्या लांब ती गोष्ट मी तेवढ्याचसाठी घेऊन आले होते, आणि आक्का काही क्षणभर आमच्यापासून हलत नव्हत्या. म्हणून केतकी म्हणाली, "पेरेस्लाव्हलला जाऊ दोन दिवस, तिथं फुग्यांचा मेळा असतो, मी दोन जागा मिळवते," तेव्हा मी आनंदानं उडी मारली होती. आकाशात तरी आक्का नसतील.

पेरेस्लाव्हल म्हणजे मोठ्या तळ्याच्या काठचं, साडेआठशे वर्षांपूर्वी वसलेलं गाव. सकाळपासून आम्ही ते पालथं घातलं होतं. गावाभोवती मातीचा जुना कोट, त्यावर गुडघाभर गवत. मधोमध पांढऱ्या दगडाचं बुटकं, जाडजूड भिंतींचं चर्च. आत जायचं तर बायकांनी डोकं झाकायला हवं. केतकी पिशवीत स्कार्फ शोधत बसली, तोवर आक्का डोक्यावर पदर घेऊन आत पोचल्यादेखील. मग तळ्यावर गेलो. तिथं पाण्यात चालत चालत माणसं पार लांब, ठिपक्याएवढी होईपर्यंत जात होती आणि तरी पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंतच. आक्कांनी काठावर धुरावलेली मासळी घेतली, पहिला तुकडा खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "भाकरी पाहिजे होती."

कुणा जुन्या राजानं लहानपणी याच तळ्यावर खेळातलं आरमार बांधलं होतं. त्यातली एक होडी अजून जपून ठेवली आहे. ती बघत होतो तेव्हाच माझा फोन वाजला.

"कॉलेजचा आहे," मी म्हणाले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा आक्का होडीकडं बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

आणि आता माझ्या एकांताच्या जागेवर त्याच उभ्या होत्या, काष्टा मारून.

टोपलीला बाहेरून पाय ठेवायला भोकं होती. आक्कांनी एक पाय ठेवला, दुसरा वर टाकला, गेन्नादीनं आतून हात दिला, आणि त्या धपकन आत पडल्या. पाठोपाठ मी. टोपली आमच्या कमरेपेक्षा जरा उंच. डोक्यावर बर्नर. गेन्नादीनं दांडा ओढला आणि असा आवाज झाला, की जणू एकाच वेळी शंभर स्टोव्ह भडकलेत.

दोर कधी सुटला ते कळलंच नाही. मला वाटलं होतं जत्रेतल्या पाळण्यासारखा पोटात गोळा येईल. तसलं काही नाही. आपण जागेवरच, आणि जमीन खाली जाते. केतकीचं तोंड दिसलं, मग तिच्या केसांचा भांग, मग नुसता तिच्या टी-शर्टचा पिवळा ठिपका.

"उल्का!" आक्का किंचाळल्या. "अगं बघ! ते सकाळचं देऊळ! खडीसाखरेच्या खड्याएवढं झालंय!"

मी बघितलं. माझा राग तिथंच, खालीच कुठंतरी राहिला. सगळं गाव ताटात वाढल्यासारखं समोर होतं. मातीचा कोट कंकणासारखा गोल. सोनेरी आणि हिरवे घुमट. परसातल्या बटाट्यांच्या ओळी. आणि पलीकडं ते तळं, एवढं निळं की बघून घशाला तहान लागावी. आमच्या आजूबाजूला, वर, खाली, सगळीकडं फुगे. कलिंगड आमच्या पायांखालून चाललं होतं.

बर्नर बंद झाला की आवाज म्हणून नाही. वारं पण नाही. वाऱ्याबरोबरच आपण चाललेलो, मग वारं लागणार कसं? आक्कांनी कमरेचा पदर सोडला होता, तो जागचा हलत नव्हता. इतक्या उंचावर खालचं कुत्रं भुंकलेलं स्पष्ट ऐकू येत होतं. एक बाई कपडे वाळत घालत होती.

"ओ ताई!" आक्का मराठीत ओरडल्या. "इकडं! वर बघा वर!"

बाईनं वर पाहिलं आणि हातातली ओली चादर हलवली. आक्कांनी दोन्ही हात हलवले. या आक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, बाकीचे फुगे गावाच्या अंगानं डावीकडं चाललेत आणि आम्ही उजवीकडं. खालची घरं संपली. वाळू आली. मग पाणी. गेन्नादी वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला, मग पुन्हा बोलला. मी त्याच्याकडं पाहिलं तसा तो हसला. "नो प्रॉब्लेम," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय," आक्का म्हणाल्या.

"तुम्हाला रशियन कधीपासून कळायला लागलं?"

"शब्द कशाला कळायला पाहिजेत? माणूस घाबरला की वाक्याचं शेपूट तुटतं. जन्मभर लोकांचे ट्रंक कॉल जोडलेत मी. वारं बदललंय, आणि त्याला आपल्याला तळ्यावर आणायचं नव्हतं."

खाली आता नुसतं पाणी होतं. काठ मागं पडत चालला होता आणि पुढचा काठ धुरकट, लांब. काठाशी गुडघाभर असलं म्हणून काय झालं, मधोमध ते नक्कीच तसं नव्हतं. मी टोपलीची कड घट्ट धरली. खरं सांगते, भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती.

"आता तुझं ऐकते," आक्का म्हणाल्या. "शेटे डॉक्टरांना काय उत्तर दिलंस?"

माझे हात कडेवरून सुटले.

"कोण शेटे?"

"उल्का, रोज संध्याकाळी तुला कॉलेजचा फोन येतो. कॉलेजशी कुणी एवढ्या हळू बोलतं का? आणि आपल्या मोत्याला इंजेक्शन द्यायला गुरांच्या डॉक्टरनं एकदा यायचं, तर तो माणूस महिनोन्महिने येतोय. कुत्रं एवढं आजारी नव्हतं."

मी काही बोलणार तेवढ्यात गेन्नादीनं दांडा ओढला. बर्नर गरजला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत गप्प उभ्या राहिलो. त्या आवाजात तोंडं उघडून उपयोग नव्हता. तो थांबला तेव्हा मी म्हणाले, "त्यांनी विचारलंय. एप्रिलमध्ये. मी परत आल्यावर सांगते म्हटलंय."

"काय सांगणार आहेस?"

"नाही म्हणून सांगणार आहे."

"का?"

"का म्हणजे? आक्का, तुम्ही मला विचारताय? जयसिंग तुमचा भाऊ होता. पाहुण्यारावळ्यांत काय तोंड दाखवणार आपण? शेटे आपल्यातले पण नाहीत. आणि केतकी..."

पुन्हा बर्नर. माझं उरलेलं वाक्य त्यात गेलं. आक्कांनी हात कानाशी नेऊन 'काय?' अशी खूण केली, मी मान हलवली. आवाज थांबला.

"माझा भाऊ होताच," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी मी अजून रडते. तुला दिसत नसेल. पण म्हणून तुला त्याच्या फोटोशेजारी टांगून ठेवायची का?"

खाली एक कोळी होडीत उभा राहून आमच्याकडं बघत होता.

"मला पण एकानं विचारलं होतं," आक्का तळ्याकडं बघत म्हणाल्या. "साताऱ्याच्या एक्स्चेंजमधला होता. आम्ही एकमेकांना पाहिलं पण नव्हतं. नुसता लाइनवरचा आवाज. मी घरी वडिलांना विचारायला गेले. तिथंच चुकलं माझं. असलं घरात विचारायचं नसतं, सांगायचं असतं."

"मग?"

"मग काय? त्याची बदली झाली. त्या लाइनवर दुसराच आवाज यायला लागला." त्या माझ्याकडं वळल्या. "आता नीट सांग. आवडतो का तुला तो?"

आणि गेन्नादीनं दांडा ओढला.

"काय?" मी ओरडले.

"आवडतो का म्हणते!" आक्का माझ्या कानाशी ओरडल्या.

माझ्या आत इतके महिने कोंबून ठेवलेलं काहीतरी उसळून वर आलं. समोर तळं, डोक्यावर आग, आजूबाजूला कुणी नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आवडतात! हो! मला फार आवडतात ते!"

त्यातली पहिली दोनच अक्षरं आगीच्या आवाजात गेली. कारण बर्नर तेवढ्यात बंद झाला, आणि बाकीचं सगळं त्या शांत तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत घुमलं. खालच्या कोळ्यानं टोपी काढून हलवली. गेन्नादीला वाटलं मी त्याच्या फुग्याचं कौतुक करतेय. त्यानं अंगठा वर केला. "गुड! व्हेरी गुड!"

आक्कांनी तोंडावर हात धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि मग मीपण.

गेन्नादीनं आमच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यानं वरची दोरी ओढून थोडी गरम हवा सोडून दिली आणि फुगा झपझप खाली येऊ लागला. पाणी जवळ आलं. आमचंच चित्र त्यात मोठं मोठं होत गेलं, पालथा लाल फुगा आणि त्याला लटकलेली टोपली. मला वाटलं, संपलं, आता पाण्यात. टोपलीचा तळ लाटेला लागलाच, सपकन आवाज आला, आक्कांच्या चेहऱ्यावर शिंतोडे उडाले. आणि त्याच क्षणी पदर फडफडला. खाली पाण्यालगत वेगळं वारं होतं. गेन्नादी तेच शोधत होता. ते आम्हाला पाण्यावरून हाताएवढ्या अंतरानं सरळ पलीकडच्या काठाकडं घेऊन निघालं.

"वा रे पठ्ठ्या!" आक्कांनी त्याच्या पाठीत थाप मारली.

काठचं बोरूचं रान आलं, मग दलदल, मग कापलेल्या गवताचं मोठं कुरण. गेन्नादीनं गुडघे वाकवून दाखवले, आतल्या दोराला धरायची खूण केली. एक हिसका. पुन्हा वर. दुसरा हिसका. मग टोपली आडवी झाली आणि गवतावरून फरफटत गेली, आम्ही तिघं एकमेकांवर. थांबली तेव्हा मी खाली होते, माझ्यावर आक्का होत्या, आणि त्यांच्या केसांत गवताच्या काड्या.

"हाडं?" मी विचारलं.

"सगळी आहेत. तुझी?"

आम्ही रांगत बाहेर आलो. गेन्नादीनं पिशवीतून शॅम्पेनची बाटली काढली आणि खिशातून लायटर. लायटर पेटवून तो आक्कांच्या केसांकडं बोट दाखवत काहीतरी सांगू लागला तेव्हा मी मध्ये पडले. पण आक्का म्हणाल्या, "करू दे गं त्याला. आवाजात खोटेपणा नाही." त्यानं त्यांच्या वेणीचं टोक हलकेच पेटवलं आणि लगेच शॅम्पेन ओतून विझवलं. मग वाकून चिमूटभर माती घेतली, त्यांच्या कपाळाला लावली आणि गंभीर आवाजात काहीतरी म्हणत त्यांना मुजरा केला. नंतर केतकीनं सांगितलं, पहिल्यांदा आकाशात गेलेल्या माणसाला तिकडं अशी दीक्षा देतात, आणि जिथं उतरलं त्या गावची सरदारीणही करून टाकतात.

मग तो माझ्याकडं वळला. केस जळले, शॅम्पेन मानेवरून पाठीत उतरली. त्यानं माती घेतली आणि मी एक पाऊल मागं सरले.

त्याला काय कळणार? जयसिंग गेल्यावर माझं कुंकू कुणी जबरदस्तीनं पुसलं नव्हतं. मीच लावायचं सोडलं होतं. आणि घरात कुणी लाव म्हणालं नव्हतं, एवढंच.

"थांब रे बाबा," आक्का त्याला म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात बाजूला केला, खाली वाकून गवत उपटलं, मुळाची काळी माती तळहातावर घेतली, बाटलीतल्या थेंबांनी कालवली.

"सरळ उभी राहा," त्या मला म्हणाल्या.

मी उभी राहिले. करंगळीशेजारच्या बोटानं त्यांनी माझ्या कपाळाच्या मधोमध गोल टिळा लावला, जरा मागं होऊन पाहिला आणि बाजूला ओघळलेला थेंब अंगठ्यानं टिपला.

जीप कुरणातून उसळत आली. थांबायच्या आत केतकीनं उडी मारली.

"आई! तुम्ही तळ्यावर गेलात तेव्हा माझा जीव गेला! आणि हे कपाळाला काय लावलंय? आत्या, केस जळल्याचा वास कुठून येतोय?"

"काही झालं नाही," आक्का म्हणाल्या. "आम्हा दोघींना दीक्षा मिळाली. आणि तुझ्या आईचं लग्न ठरलं."

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. या क्षणासाठी मी कितीतरी वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"शेटे डॉक्टर," मी म्हणाले. "मी लग्न करतेय त्यांच्याशी."

ती वळली. जाऊन जीपमध्ये पुढं बसली.

लग्न पुढच्या जानेवारीत झालं, रजिस्टर पद्धतीनं. आमच्या मोहित्यांच्या भावकीतले निम्मे आले नाहीत. जे आले त्यांना आक्कांनी स्वतः वाढलं, आणि जे आले नाहीत त्यांना फोन करून जेवणात काय काय होतं ते सांगितलं. आज इतकी वर्षं झाली, तिघं एकाच घरात राहतो. शेटे आणि आक्का बुद्धिबळ खेळतात आणि कडाकडा भांडतात. पण हे सगळं होईल की नाही, ते त्या संध्याकाळी त्या जीपमध्ये ठरायचं होतं, आणि केतकी खिडकीबाहेर बघत बसली होती.

तळ्याच्या कडेकडेनं रस्ता होता. ऊन आता लांबट, सोनेरी झालं होतं. गेन्नादीचा मदतनीस गाडी चालवत होता. मी, आक्का आणि गेन्नादी मागं, गुंडाळलेल्या कापडाच्या ढिगावर.

"मला आधी का नाही सांगितलंस?" केतकी मागं न वळता म्हणाली. आवाज रडवेला होता.

"सांगणारच होते. वर गेल्यावर सांगणार होते. म्हणून तर मी फुग्याला हो म्हटलं."

"मग?"

"मग तुझी आत्या चढली टोपलीत."

केतकीची पाठ हलली. ती रडतेय असं मला वाटलं. मग ती वळली. डोळे ओले होते, आणि हसू आवरता आवरत नव्हतं. तिनं सीटच्या फटीतून हात मागं घातला आणि माझा गुडघा घट्ट धरला.

"ते मोत्याचे डॉक्टर?" तिनं विचारलं. "मागच्या सुट्टीत मी पाहिलेले, एवढं जोरात शिंकतात ते?"

"तेच."

"बापरे," ती म्हणाली, आणि हात काढला नाही.

आक्कांनी ओल्या वेणीचं जळकं टोक हातात घेऊन पाहिलं, आणि पाठीवर टाकलं.

"केतकी," त्या म्हणाल्या, "त्या माणसाला विचार, उद्या सकाळी किती वाजता उडतात?"